टुटू उलटा का टांगतात

मोठ्या बॅले कंपनीच्या कपडेपटात टुटू, म्हणजे बॅले नर्तिकेचे जाळीच्या थरांचे घेरदार पोशाख, सरळ टांगलेले क्वचितच दिसतात. निकर वर, चोळी खाली, असे ते उलटे लटकवलेले असतात, नाहीतर ताटांसारखे एकावर एक रचून आडवे ठेवलेले. जाळीचे थर नितंबांपासून बाहेर आडवे निघतात आणि त्यांचा सगळा भार मुळाशी असलेल्या टिपांवर येतो. सरळ टांगला तर हा भार त्यांना सतत खाली ओढतो आणि हळूहळू ताटाची छत्री होते. उलटा टांगला की तीच ओढ थरांना पुन्हा वर, म्हणजे नर्तिकेच्या कमरेच्या दिशेने नेते. प्रयोगात जेवढं खाली आलं, तेवढं विश्रांतीत परत मिळतं.

टुटू कळायला इथूनच सुरुवात करावी, कारण इथे तो झग्यापेक्षा पुलाच्या जास्त जवळचा आहे हे दिसतं. त्याचा इतिहास बहुतेकदा ‘स्कर्ट कसा आखूड होत गेला’ अशा जरा चावट सुरात सांगितला जातो. खरा प्रश्न वेगळा आहे: पाय काय करू लागले, आणि त्यांना वाट द्यायला कापडाने काय केलं? फॅशनने टुटूकडून काय उचललं आणि काय मागे ठेवलं, हेही मग त्याच उत्तरात सापडतं.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या ऑपेरात नर्तिका दरबारी पोशाखातच नाचत. जमिनीपर्यंत घोळ, कमरेला दोन्ही बाजूंनी फुगवणारे सांगाडे, टाचांचे जोडे. मारी कामार्गो १७२६ मध्ये तिथे पहिल्यांदा नाचली. हवेत पाय झटपट एकमेकांवरून नेण्याच्या उड्या तोवर पुरुषांच्या मानल्या जात, आणि त्या तिला उत्तम जमत. घोळाखाली त्या दिसणार कशा? तिने घेर घोट्याच्या वर घेतला. मारी साले हिची वाट वेगळी होती. तिला पायांपेक्षा अभिनय दाखवायचा होता, म्हणून १७३४ मध्ये लंडनमध्ये ती सांगाडा टाकून साध्या मलमलीच्या अंगरख्यात नाचली. एकीने लांबी कमी केली, दुसरीने वजन. पुढची दोनशे वर्षं टुटू याच दोन टोकांमध्ये फिरत राहिला.

१२ मार्च १८३२ हा दिवस टुटूचा वाढदिवस म्हणून सांगितला जातो. त्या दिवशी पॅरिसमध्ये ‘ला सिल्फीद’ (वाऱ्याची परी) हे बॅले पहिल्यांदा झालं. नृत्यरचना फिलिपो तालियोनीची, नायिका त्याची मुलगी मारी. वेशभूषेचं श्रेय यूजेन लामी या चित्रकाराला देतात, पण खुद्द सिल्फीदच्या पोशाखासाठी त्याने काढलेलं रेखाटन आज उपलब्ध नाही. घट्ट चोळी, उघडे खांदे, पोटरीच्या मध्यापर्यंत येणारा पांढरा घंटेसारखा घेर, पाठीवर छोटे पंख. आज याला ‘रोमँटिक टुटू’ म्हणतात. वाढदिवसाच्या गोष्टीत दोन गफलती मात्र आहेत. एक म्हणजे ‘टुटू’ हा शब्द तेव्हा नव्हताच. तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटाकडे रूढ झाला आणि बहुधा ढुंगणासाठीच्या लाडिक फ्रेंच बालशब्दावरून आला. दुसरी म्हणजे पांढरा, हलका, तरंगता पोशाख आदल्या वर्षीच, १८३१ मध्ये, त्याच रंगमंचावर आला होता. ‘रॉबेर ल द्याब्ल’ या ऑपेरातल्या मृत जोगिणींच्या नृत्यात तो दिसला, आणि त्यांची प्रमुखही मारी तालियोनीच होती.

पांढराच का, याचं उत्तर दिव्यांत आहे. तिथे गॅसबत्त्या आल्या होत्या आणि प्रकाश कमी-जास्त करता येत होता. निळसर अंधुक उजेडात रंगीत रेशीम मळकट दिसतं, पण पांढऱ्या विरळ कापडाचे पाच-सहा थर प्रकाश पकडून आतल्या आत खेळवतात आणि कडा धूसर करतात. भुताखेतांच्या आणि पऱ्यांच्या कथांना हे हवंच होतं. त्याच काळात यंत्रावरची जाळीही स्वस्त होत चालली होती. जॉन हीथकोट या इंग्रज कारागिराने बॉबिन-जाळीच्या यंत्राची पेटंट १८०८ आणि १८०९ मध्ये घेतली. १८१६ मध्ये त्याचा लफबरोचा कारखाना यंत्रं फोडणाऱ्यांनी उद्ध्वस्त केला, तेव्हा तो डेव्हनमधल्या टिव्हर्टनला गेला. या जाळीत धागे एकमेकांना वेढे घालून षटकोनी घर करतात. ती कुठेही कापली तरी उसवत नाही. टुटूच्या दृष्टीने यापेक्षा मोठा शोध नाही, कारण दुमड नसलेली कड म्हणजे वजन नसलेली कड. पन्नास-साठ मीटर कड दुमडून शिवायची वेळ आली असती तर टुटू कधीच आडवा उभा राहिला नसता.

या हलकेपणाची किंमत भयंकर होती. सुती विरळ कापड, त्यात खळ, आणि पायाजवळ उघड्या ज्योती. लंडनमध्ये १८४४ साली क्लारा वेब्स्टर प्रयोगातच भाजली आणि काही दिवसांत गेली. पॅरिसमध्ये एमा लिव्री हिचं तसंच झालं. मारी तालियोनीने जिच्यासाठी ‘ल पापियों’ हे बॅले रचलं तीच ही. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी तालमीत तिच्या घेराने पेट घेतला. आठ महिने यातना भोगून जुलै १८६३ मध्ये ती वारली, विशी नुकतीच ओलांडलेली असताना. आग न पकडणारं कापड उपलब्ध नव्हतं असं नाही. कार्तरों नावाच्या माणसाची क्षारांत कापड बुचकळायची पद्धत होती, आणि १८५९ पासून ऑपेरात ती सक्तीचीही होती. पण त्या द्रावणातून निघालेलं कापड कडक आणि मळकट होई, आणि लिव्रीने ते घालायला लेखी नकार दिला होता. तिचा हट्ट मूर्खपणाचा होता असं म्हणणं सोपं आहे. पण जिची सगळी कला वजनहीन दिसण्यावर उभी होती, तिला तो पोशाख घालणं म्हणजे न नाचण्यासारखंच होतं. तिच्या जळक्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत.

घेर गुडघ्यापर्यंत आला तो इटालियन नर्तिकांमुळे. मिलानच्या शाळेत टणक टोकाचे बूट आणि एका पायावरच्या अनेक गिरक्या यांवर भर होता. पोटरीपर्यंतचा घेर गिरकीत शत्रू होतो. तो फुलून बाहेर जातो, वजन अक्षापासून लांब नेतो आणि वेग खातो. थांबल्यावर पायांभोवती गुंडाळला जातो, ते वेगळंच. व्हर्जिनिया झुक्की १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आली तेव्हा तिथल्या प्रथेपेक्षा आखूड घेराचा आग्रह धरून आली. पिएरिना लेन्यानीने तिथेच १८९३ मध्ये ‘सिंड्रेला’त सलग ३२ फुएते, म्हणजे एका पायावर उभं राहून दुसऱ्याच्या झटक्याने घ्यायच्या गिरक्या, घेतले आणि १८९५ मध्ये ते ‘स्वान लेक’मध्ये आणले. हे ३२ फुएते तालियोनीच्या घेरात घेऊन पाहावेत, म्हणजे आखूड घेराची गरज आपोआप पटते.

इथे एक गैरसमज फार पक्का आहे. लेन्यानी काय किंवा १८९० च्या ‘स्लीपिंग ब्यूटी’तली कार्लोत्ता ब्रियान्झा काय, यांच्या अंगावर आजचा ताटासारखा सपाट टुटू नव्हता. त्या काळच्या छायाचित्रांत गुडघ्याच्या आसपास येणारा, भरगच्च, खाली झुकलेला घेर दिसतो. सेंट पीटर्सबर्गच्या मारिन्स्की रंगमंदिराने १९९९ मध्ये ‘स्लीपिंग ब्यूटी’ची जुनी मांडणी पुन्हा उभी केली, तेव्हा अनेकांना ते पोशाख ‘जड’ वाटले. ते जडच होते. सपाट ताट हे विसाव्या शतकाचं काम आहे, आणि त्याला पोलादी कडं आणि नायलॉनची जाळी लागली. त्याच्या आधी देगा या फ्रेंच कलावंताने १८८१ मध्ये चौदा वर्षांच्या नर्तिकेचा मेणाचा पुतळा मांडला तो खऱ्या कापडाच्या घेरासह. त्याच्या मृत्यूनंतर ओतलेल्या ब्राँझच्या प्रतींना प्रत्येक संग्रहालयाने आपापल्या समजुतीने घेर घातला. कुठे तो मांडीपर्यंत आहे, कुठे गुडघ्याखाली. एकाच पुतळ्याच्या कपड्याबद्दल एवढी मतभिन्नता असेल, तर ‘मूळ टुटू’ ही चीज किती निसरडी आहे ते दिसतंच.

आता बांधकाम

सपाट टुटूचे चार भाग: चोळी, कमरेपासून नितंबांपर्यंतचा घट्ट पट्टा म्हणजे बास्क, निकर, आणि निकरवर शिवलेले जाळीचे थर. वर नक्षीचं वेगळं ताट येतं, ते पाचवं धरा.

थर साधारण १० ते १२ असतात. दहा थरांचा एक चालणारा हिशोब असा: सगळ्यात वरचा ३८ सेंमी, मग ३७, ३५, ३२, २८, २४, १९, १४, ९ आणि मांडीलगतचा शेवटचा ५. हा उतार एकसारखा नाही, हे मुद्दाम. वरचे तीन-चार जवळपास एकाच लांबीचे हवेत, कारण दिसणारी कड त्यांची. खालचे झपाट्याने आखूड व्हायला हवेत, नाहीतर पाय वर गेला की जाळीचा गठ्ठा मांडीत अडकतो. खालच्या थरांचं काम दिसायचं नसून वरच्यांना खालून टेकू द्यायचं आहे.

प्रत्येक थराची पट्टी किती लांब घ्यायची, याचा अंदाज गणिताने येतो. नितंबांचं माप ९० सेंमी धरलं तर त्रिज्या १४ सेंमीच्या थोडी वर. त्यात ३८ मिळवले की बाहेरच्या कडेचा परीघ सुमारे ३.३ मीटर होतो. पट्टी एवढीच घेतली तर कड ताणून बसते, लाटा पडत नाहीत आणि थर पत्र्यासारखा दिसतो. वरच्या थरांना ५ ते ६ मीटर घेतली की कडेला जवळपास पावणेदोन पट घेर मिळतो. खालच्या आखूड थरांना अडीच-तीन मीटर पुरतात, तिथे मांड्यांमध्ये जागाच नसते. १४० सेंमी पन्ह्याची जाळी एकूण ९ ते १० मीटर लागते. जाळी कडक, मोठ्या घराची हवी. लग्नाच्या ओढणीची मऊ ट्यूल, म्हणजे बारीक घराची जाळी, कितीही थर घातले तरी आडवी राहणार नाही, आणि पहिल्यांदा शिवणारे बहुतेक जण नेमके इथेच फसतात.

चुण्या पाडताना पाच मीटरची पट्टी एकाच दोऱ्यावर ओढू नये. दोरा शेवटच्या अर्ध्या मीटरला तुटतो आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पट्टीचे आठ भाग करा, निकरवरही आठ खुणा करा, आणि लांब टाक्यांच्या दोन रांगा घालून एकेक भाग स्वतंत्र ओढा. निकरवर थरांच्या रेघा एक-सव्वा सेंटिमीटर अंतरावर आधीच आखून घ्यायच्या. शिवायला सुरुवात सगळ्यात खालच्या, आखूड थरापासून. वरून सुरुवात केली तर आधी लागलेली लांब जाळी मशीनखाली येत राहते. टाचण्या जाळीच्या घरांतून निसटून खाली पडतात आणि नंतर नर्तिकेला टोचतात, म्हणून चिमटे वापरावेत किंवा कच्चा धावदोरा घालावा. चुण्या समोर आणि मागे थोड्या दाट, मांड्यांच्या बाजूला किंचित विरळ ठेवल्या तर पाय बाजूला उचलताना ताट कमी हलतं.

कडं चौथ्या किंवा पाचव्या थरात जातं. पातळ, लवचीक पोलादाची पट्टी असते, आणि ती जाळीवर शिवलेल्या फितीच्या नळीतून सरकवतात. बास्कच्या कडेपासून २४ सेंमीवर बसवायचं असेल तर लांबी साधारण २.४ मीटर. इथे दोन-तीन सेंटिमीटरची चूकही दिसते. कडं गरजेपेक्षा मोठं झालं की त्याला सपाट राहायला जागा मिळत नाही आणि ताट घोड्याच्या खोगिरासारखं वर-खाली वळतं. लहान झालं की कड आत ओढली जाते आणि घंटा तयार होते. घंटाच हवी असेल तर हाच दोष गुण होतो, ते वेगळं. कड्याची टोकं एकमेकांवर चढवून, वर नळी बसवून आणि फीत गुंडाळून बंद करावीत. उघडं टोक एका प्रयोगात नळी फाडून बाहेर येतं, आणि बाहेर येतं ते नेमकं जोडीदाराच्या हाताच्या उंचीवर.

यानंतरच्या कामात टुटू बनतो किंवा बिघडतो. थर एकमेकांना हाताने, सैल टाक्यांनी बांधायचे असतात. टुटू टेबलावर उलटा ठेवतात, थर हाताने फिरवून सपाट करतात, आणि दोन-दोन थरांमध्ये एक-दीड सेंटिमीटरचा मोकळा दोरा सोडून टाके घालतात. विटांच्या बांधकामात सांधे चुकवतात तसे हे टाके प्रत्येक थरात सरकवून घ्यायचे. सगळे थर एकाच जागी आरपार बांधले की वरच्या ताटावर गादीच्या टाक्यासारखे खड्डे पडतात. टाका फार ओढला तरी तेच. फार सैल सोडला तर गिरकीत थर वेगळे होतात आणि थांबल्यावर काही वर, काही खाली राहतात. अनुभवी हातालाही यात तास न् तास जातात. स्वस्त टुटूत सगळ्यात आधी वाचवलं जातं ते हेच काम, म्हणून विकत घेताना थर हाताने उचलून मधले दोरे आहेत का, ते बघावं.

चोळीसाठी न ताणणारं जाड सुती अस्तर आणि मांजरपाटाचा आधी शिवलेला कच्चा नमुना, या दोन गोष्टींना पर्याय नाही. नर्तिका श्वास घेते तेव्हा फासळ्या बाजूंना पसरतात. तिथे सरळ धाग्याचं कापड काचतं. बार्बरा करिन्स्का या वेशभूषाकार बाईने न्यूयॉर्कमध्ये यावर उपाय म्हणून कडेच्या कळ्या उरेब (तिरक्या धाग्यावर) कापल्या, म्हणजे चोळी घट्ट राहूनही श्वासाबरोबर थोडी सैल होते. पाठीला चेन लावत नाहीत. चेन एकदा फसली की प्रयोगाच्या मध्ये काही करता येत नाही, तर हुकांच्या रांगेतला एक तुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. हुक एक आड एक उलट-सुलट दिशेने लावले की वाकताना आपोआप सुटत नाहीत. हुक अडकवायच्या आकड्यांच्या दोन किंवा तीन उभ्या रांगा असतात, कारण एकच टुटू वेगवेगळ्या बांध्याच्या नर्तिका वर्षानुवर्षं घालतात. आतल्या पट्टीवर जुन्या नावांची यादी असते ती त्यामुळेच. चोळी बास्कला सलग शिवायची नाही, चार-पाच ठिकाणी टाचायची. सलग शिवली तर हात वर गेले की अख्खं ताट वर उचललं जातं.

नक्षीबाबत एकच नियम: वजन आतल्या अर्ध्या भागात. कडेला खडे लावले की तरफेच्या टोकाला भार येतो, आणि मग नाकापेक्षा मोती जड. जोडीदाराचे हात जिथे येतात त्या कमरेवर आणि पाठीच्या खालच्या भागावर धारदार खडे किंवा तार नको. त्याच्या तळव्याची साल निघते, आणि घामाने ओला हात खड्यावरून घसरतो तेव्हा धोका तिला असतो. रंगमंचावरून सातव्या-आठव्या रांगेपलीकडे बारीक टिकली दिसतही नाही. मोठा आकार, रंगांतला मोठा विरोध, एवढंच पोचतं.

सपाट ताटाचा एक दोष कितीही चांगलं शिवलं तरी जात नाही. अनेक नर्तिका जवळ आल्या की कडा एकमेकींना धडकतात, आणि कड्यामुळे एक बाजू दाबली की दुसरी वर उसळते. नृत्यरचनाकार बॅलेंशीनच्या ‘सिम्फनी इन सी’च्या शेवटी पन्नासच्या आसपास नर्तक एकाच वेळी रंगमंचावर असतात, तिथे ही अडचण टोकाला गेली. करिन्स्काने १९५० मध्ये तिथे कडंच काढून टाकलं, थर सहा-सातवर आणले, ते आखूड आणि सैल ठेवले. जाळी स्वतःच्याच फुगीरपणावर थोडी खाली झुकून उभी राहते. पावडरच्या पफसारखी दिसते म्हणून तेच नाव पडलं. माझ्या मते विसाव्या शतकातला टुटूमधला सर्वांत हुशार बदल हाच. याच्या अगदी उलट टोकाला विल्यम फोर्साइथच्या १९९६ च्या नृत्यरचनेतले स्टीफन गॅलोवेचे हिरवे टुटू आहेत. त्यांत थर जवळपास नाहीतच, फक्त एक कडक सपाट चकती.

फॅशनने काय उचललं

सिल्फीदनंतर पॅरिसमध्ये पांढऱ्या मलमलीची, हलक्या ओढण्यांची लाट आली आणि ‘ला सिल्फीद’ याच नावाचं एक फॅशन-नियतकालिकही निघालं. पण रंगमंचाने रस्त्यावरून घेतलं की रस्त्याने रंगमंचावरून, हे तेव्हा सांगणं कठीण होतं. अरुंद कंबर आणि घंटेसारखा घेर १८३० च्या दशकात सगळ्याच बायका घालत होत्या. तालियोनीचा पोशाख म्हणजे त्याचीच हलकी, आखूड आवृत्ती होती. १८५० च्या दशकात पोलादी कड्यांचा क्रिनोलिन, म्हणजे घेराखाली घालायचा सांगाडा, बाजारात आला, तेव्हा आधाराचं तंत्र उलट फॅशनकडेच पुढे होतं. टुटूला कडं मिळालं ते त्यानंतर कितीतरी दशकांनी.

खरी उचल विसाव्या शतकातली. फॅशन-रचनाकार शनेलने १९२४ मध्ये ‘ल त्रँ ब्ल्यू’ या बॅलेसाठी वेशभूषा केली ती पोहण्याच्या आणि खेळाच्या विणलेल्या कपड्यांची, टुटू टाळूनच. पण १९३० च्या दशकात तिच्याच संध्याकाळच्या पोशाखांत ट्यूलचे थर आले. मग १२ फेब्रुवारी १९४७ ला दिओरचा पहिला संग्रह: घट्ट चोळी, आवळलेली कंबर, पोटरीपर्यंतचा प्रचंड घेर. ही लांबी बाजारात ‘बॅलेरिना’ नावानेच ओळखली जाऊ लागली. फुगीरपणा आतल्या जाळीच्या थरांतून यायचा, वरचं कापड फक्त त्यावर पसरलेलं. दिओरने त्याच वर्षी नृत्यरचनाकार रोलाँ पेतीच्या बॅलेसाठी पोशाखही केले. पुढच्या दशकात नायलॉनची जाळी स्वस्त झाली आणि ही आतली रचना गोल स्कर्टच्या खाली घालायच्या पेटीकोटच्या रूपाने सर्वसाधारण मुलींपर्यंत पोचली. टुटूचा हा सर्वांत मोठा प्रभाव, आणि तो कपड्याच्या आत दडलेला असल्याने सहसा मोजलाच जात नाही.

व्हिव्हियन वेस्टवुडचा १९८५ चा ‘मिनी-क्रिनी’ वेगळ्या पंक्तीत बसतो. ‘पेट्रुश्का’ बॅलेतल्या बाहुलीवरून तिला कल्पना सुचली. तिने व्हिक्टोरियन क्रिनोलिनचं कडं घेतलं आणि लांबी टुटूची ठेवली. चालताना तो हिंदकळतो, बसताना घडी होते. टुटूचं बांधकाम समजून घेऊन रस्त्यावर आणणारी ती विरळाच. मॅडोनाने त्याच सुमारास चोळी आणि ट्यूलचा स्कर्ट असा जोड लोकप्रिय केला, पण तिथे रचनेपेक्षा खोडी महत्त्वाची होती: निरागसतेचं चिन्ह घ्यायचं आणि त्याला काळे हातमोजे जोडायचे.

१९९८ मध्ये ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेच्या सुरुवातीच्या दृश्यात नायिका ट्यूलचा पांढरा स्कर्ट घालून रस्त्यावर उभी असते. वेशभूषाकार पॅट्रिशिया फील्ड हिने तो ५ डॉलरला, स्वस्तातल्या मालाच्या ढिगातून उचलला होता. २०२४ मध्ये लिलावात तसाच एक स्कर्ट ५२,००० डॉलरला गेला. त्याला सगळे टुटू म्हणतात, पण तो टप्प्याटप्प्याचा मऊ स्कर्ट आहे, ना कडं, ना बास्क. व्हिक्टर अँड रॉल्फने २०१० च्या उन्हाळी संग्रहात ट्यूलच्या शेकडो थरांना आरपार गोल भोकं पाडली, तिथे मात्र थर हा थर म्हणूनच वापरला होता. सेरेना विल्यम्स २०१८ च्या यूएस ओपनमध्ये व्हर्जिल अबलोच्या काळ्या ट्यूलच्या घेरात खेळली. टेनिसमध्येही पाय मोकळे हवेत, गिरकी आहे, अचानक थांबणं आहे. कामार्गोला जे हवं होतं तेच, फक्त हातात रॅकेट.

रोज घालायला ट्यूलचा स्कर्ट शिवायचा असेल तर टुटूची नक्कल करू नये. मऊ ट्यूलचे चार थर, प्रत्येकी साडेतीन ते चार मीटर, ७० सेंमी कमरेला पुरतात. सगळ्या चुण्या एकाच पट्ट्यात कोंबल्या तर कंबर जाड दिसते, म्हणून खालचे दोन थर सहा-सात सेंमी खोल, न चुणलेल्या योकवर, म्हणजे कमरेखालच्या सपाट पट्ट्यावर, लावावेत. ही बास्कचीच युक्ती. अस्तर सुती असावं. नायलॉनवर नायलॉन घासलं की विजेने स्कर्ट पायांना चिकटतो. वरचा थर खालच्यांपेक्षा एक सेंमी लांब ठेवला तर कड स्वच्छ दिसते. जाळी जमिनीवर नीट पसरून, पातळ कागदाच्या दोन तावांमध्ये धरून कापावी, म्हणजे कात्री घरांमध्ये अडकत नाही. रोमँटिक लांबीचे पोशाख समूहासाठी शिवायचे असतील तर माप कमरेपासून घेऊ नये, जमिनीपासून घ्यावं. बुटक्या आणि उंच मुलींच्या कडा एका रेषेत येतात त्या तेव्हाच.

निगा राखताना इस्त्री विसरावी. नायलॉनची जाळी तिच्याखाली वितळते. वाफ द्यायची ती आतल्या बाजूने, टुटू उलटा धरून, हात पुढे सरकवत. जाळी पाण्यात बुडवली की तिची खळ जाते आणि ती परत तशी कडक होत नाही, म्हणून धुवायची ती फक्त निकर आणि चोळीचं अस्तर, ओल्या फडक्याने. घामाच्या वासावर कपडेपटातला जुना उपाय म्हणजे स्वस्त व्होडका फवारणं. अल्कोहोल उडून जाताना वास घेऊन जातं आणि स्वतःचा मागे ठेवत नाही. फवारल्यावर पूर्ण वाळेपर्यंत पिशवीत घालू नये. प्रवासासाठी गोल, सपाट पिशवी हवी, आणि तिच्यात एकापेक्षा जास्त टुटू असतील तर दोघांच्या नक्षीमध्ये मांजरपाटाचा तुकडा, नाहीतर एकाचे खडे दुसऱ्याची जाळी धरून बसतात.